ग्रानादात संध्याकाळ किती वाजता होते?

स्पेनच्या दक्षिणेकडील ग्रानादा या जुन्या शहराविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसते : दिवसा काय पाहायचे हे बहुतेकांनी ठरवलेले असते, पण सूर्य मावळल्यानंतर काय करायचे याबद्दल मात्र शंका असतात. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी साठीच्या आसपासचे आहोत. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ग्रानादात आमचा दोन रात्रींचा मुक्काम आहे. सहल आखून देणाऱ्यांनी एकाच दिवसात सकाळी अल्हाम्ब्रा राजवाडा, दुपारी जुने शहर आणि रात्री फ्लेमेंको हे तिथले नाचगाणे असा कार्यक्रम दिला आहे. अल्हाम्ब्रा रात्रीही पाहता येतो असे ऐकले. हे सारे कसे बसवावे?

उत्तर : आपल्या दोन रात्रींपैकी एक अल्हाम्ब्राला द्यावी आणि दुसरी साक्रोमोन्ते या फ्लेमेंकोच्या वस्तीला. दोन्ही गोष्टी एकाच रात्रीत कोंबल्या तर दोन्ही अर्धवट होतील.

आधी तिथल्या घड्याळाविषयी सांगतो, कारण बहुतेक प्रवाशांचे गणित तिथेच चुकते. ग्रानादा ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, पण स्पेनने १९४० साली मध्य युरोपाची वेळ स्वीकारली आणि ती आजही चालू आहे. त्यात उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे जाते. त्यामुळे जूनअखेरीस तिथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. आपण जाणार त्या दिवसांत तो सव्वाआठच्या सुमारास मावळेल. लोकांचे जेवण, फिरणे, गप्पा, सारे त्या बेताने पुढे सरकलेले असते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जून महिना होता. संध्याकाळी साडेसातला भूक लागली म्हणून जेवायला बाहेर पडलो, तर लख्ख ऊन होते आणि एका भोजनगृहातील माणूस जमीन पुसता पुसता हाताची बोटे दाखवून साडेआठ वाजता या असे सांगत होता. तीन ठिकाणी हेच झाले. तेव्हापासून मी तिथे दुपारी जेवून दोन तास झोपतो आणि सातनंतर बाहेर पडतो. आपणही तसेच करावे. दुपारच्या झोपेला वाया गेलेला वेळ समजू नये. रात्री साडेअकराला पाय आणि मन दोन्ही ताजे राहतात ते त्या झोपेमुळे.

आता अल्हाम्ब्राविषयी. तेराव्या शतकात नासरी घराण्याच्या सुलतानांनी बांधायला घेतलेला आणि २ जानेवारी १४९२ रोजी इसाबेल व फर्नांदो या ख्रिस्ती राजदांपत्याच्या ताब्यात गेलेला हा डोंगरावरचा राजवाडा १ एप्रिल ते १४ ऑक्टोबर या काळात मंगळवार ते शनिवार रात्री दहापासून खुला असतो. हिवाळ्यात रात्रीची भेट फक्त शुक्रवारी व शनिवारी आणि आठ वाजता असते. आपला मुक्काम रविवार-सोमवारी येत असेल तर तारखा बदलता येतात का ते आजच पाहावे. रात्रीच्या तिकिटात नासरी राजवाडे तेवढे येतात. अल्काझाबा हा किल्ल्याचा भाग त्यात नसतो आणि हेनेरालिफेच्या बागांच्या रात्रीच्या भेटीचे तिकीट वेगळे असून ती काही महिन्यांतच मिळते. म्हणून बाग आणि किल्ला यांचे वेगळे तिकीट काढून ते दिवसा पाहावेत आणि राजवाडे रात्रीसाठी ठेवावेत, ही विभागणी मला सर्वांत चांगली वाटते. तिकिटे अधिकृत संकेतस्थळावरून काही आठवडे, जमल्यास काही महिने आधी घ्यावीत. तिकिटावर नाव असते, त्यामुळे मूळ पासपोर्ट सोबत ठेवावा.

रात्री तिथे काय वेगळे असते, असे आपण विचाराल. दिवसा नक्षी दिसते, रंग दिसतात आणि त्याहून अधिक माणसे दिसतात. रात्री दिवे खालून आणि अगदी मंद लावलेले असतात, त्यामुळे गिलाव्यात कोरलेल्या अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि दिवसा सपाट वाटलेली भिंत उठून येते. त्या भिंतींवर एकच अरबी वाक्य पुन्हा पुन्हा कोरलेले आहे : ईश्वराशिवाय कोणी विजेता नाही. ज्या घराण्याने अखेर हे घर गमावले त्याचे हे ब्रीद अंधाऱ्या दालनात वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो. त्याच्या पुढच्या चौकात लांबट हौद आहे, दोन्ही बाजूंना मर्टलची कातरलेली झुडपे आहेत आणि टोकाला कोमारेसचा मनोरा उभा आहे. वारा पडलेला असेल तर मनोरा पाण्यात उलटा, जराही न हलता दिसतो. काठाशी पाणी दगडी पन्हळीतून इतके सावकाश आत येते की तरंग उठत नाही. पाणी कसे सोडायचे याचा विचार बांधणाऱ्यांनी मुद्दाम केलेला आहे. सिंहांच्या चौकात बारा संगमरवरी सिंहांच्या तोंडांतून पडणाऱ्या धारांचा आवाज दिवसा गलबल्यात विरतो, रात्री तो ऐकू येतो. छायाचित्रे एक-दोनच काढावीत. फ्लॅश वापरता येत नाही आणि तिपाईही नेता येत नाही.

परत येताना उताराची कुएस्ता दे गोमेरेस ही वाट झाडीतून थेट प्लासा नुएवा या चौकात उतरते. चालायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. गुडघे कुरकुरत असतील तर टॅक्सी घ्यावी. राजवाड्याच्या मागून दारो नदीकडे उतरणारी दुसरी वाट रात्री काळोखी आणि निसरडी असते, तिकडून उतरू नये.

दुसऱ्या संध्याकाळी साडेसातला प्लासा नुएवावरून लहान बसने आल्बाइसिन या मूरकालीन, म्हणजे मुस्लिम राजवटीतील, वस्तीत वर जावे. ही वस्ती १९९४ पासून अल्हाम्ब्राच्या जोडीने जागतिक वारसा यादीत आहे. सान निकोलासच्या सज्जावरून समोरच्या टेकडीवर सारा अल्हाम्ब्रा आणि त्यामागे सिएरा नेवादाची रांग दिसते. बहुतेक लोक सूर्य बुडताच टाळ्या वाजवून निघून जातात. आपण आणखी अर्धा तास तिथेच बसावे. तटबंदीचा तांबूस रंग आधी जांभळट होतो, मग राखाडी, आणि आकाश गडद निळे असतानाच दिवे लागतात. त्या दहा मिनिटांसाठीच मी पुन्हा जाईन. तिथून साक्रोमोन्ते जवळच आहे. त्याविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : मी काही वर्षे कथक शिकले आहे. ग्रानादात फ्लेमेंकोचे अनेक कार्यक्रम असतात, पण ते केवळ पर्यटकांसाठी असतात असेही वाचले. खरे कुठे पाहायला मिळेल? आणि प्रेक्षकाने कसे वागावे?

उत्तर : पर्यटकांसाठी असणे आणि खोटे असणे या दोन गोष्टी मी एक मानत नाही. साक्रोमोन्तेच्या टेकडीत कोरलेल्या गुहांमध्ये गितानो, म्हणजे स्पेनमधील रोमा समाजाची, घरे होती, आणि त्यांच्या विवाहसोहळ्यांतील नाचगाण्यांतून ‘साम्ब्रा’ हा प्रकार घडला. आल्बोरेआ, काचुचा आणि मोस्का हे त्याचे तीन जुने नाच. आज त्या गुहांत रात्री नऊनंतर कार्यक्रम होतात आणि प्रेक्षक बहुतांशी परदेशीच असतात; पण नाचणारे अनेकदा त्याच वस्तीत वाढलेले असतात. गुहा अरुंद असते, भिंतींना चुना दिलेला, छताला तांब्याची भांडी टांगलेली, दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून खुर्च्यांची एकेक रांग आणि मधली चिंचोळी जागा नाचासाठी. पहिल्या फेरीतच नर्तिकेच्या झग्याची झालर आपल्या गुडघ्याला लागते, आणि टाचेचा आघात कानाआधी खुर्चीच्या पायांतून जाणवतो. मोठ्या नाट्यगृहात हे होत नाही.

आपण कथक शिकलेल्या आहात, म्हणून एक सुचवतो. सोलेआ किंवा बुलेरिया हे फ्लेमेंकोचे प्रकार चालू असतील तेव्हा मनात बारा मोजावेत. आवर्तन बारा मात्रांचे असते, पण जोर समान अंतरावर पडत नाही. तो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर येतो. पहिली काही आवर्तने हातातून निसटतील. एकदा ते सापडले की नर्तिका गिटारवाल्याला आणि गायकाला पायानेच कसा इशारा देते हे दिसू लागते, आणि सवाल-जबाबाची सवय असलेल्या आपल्यासारख्या व्यक्तीला तो संवाद ओळखीचा वाटेल. रोमा लोकांचे पूर्वज भारताच्या वायव्य भागातून निघाले असे भाषेच्या अभ्यासातून दिसते, आणि गितानोंच्या कालो बोलीत पाण्याला आजही ‘पान्यी’ म्हणतात. यावरून फ्लेमेंको कथकातून निघाले असा निष्कर्ष मात्र काढू नये. ते अंदालुसिया या दक्षिण स्पेनमधील प्रांताच्या मातीत, अनेक लोकांच्या संगीतातून घडले.

वागण्याचे म्हणाल तर तालावर टाळ्या वाजवण्याचा मोह आवरावा. ‘पाल्मास’ म्हणजे टाळ्यांची साथ हे तिथे वाद्यच आहे आणि मंचावरचे कलावंत ते वाजवत असतात. प्रेक्षकांची एक चुकलेली टाळी साऱ्यांना अडखळवते. तुकडा संपल्यावर मनसोक्त दाद द्यावी. मध्येच ‘ओले’ म्हणावेसे वाटले तर म्हणावे, पण जागा पाहून. चांगल्या तानेवर आपल्या तोंडून ‘वाह’ निघते तसेच ते आहे. गायक एकटा गात असताना पूर्ण शांत राहावे. मला स्वतःला नाचापेक्षा ते गाणेच अधिक लागते. याच गाण्याची, कान्ते होन्दोची, म्हणजे ‘खोल गाण्या’ची, स्पर्धा जून १९२२ मध्ये अल्हाम्ब्राच्या आवारात भरली होती. संगीतकार मानुएल दे फाया आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का तिच्यामागे होते. हे गाणे केवळ मनोरंजनापुरते उरेल अशी त्यांना भीती वाटत होती. जाणकारांमध्ये बसून ऐकायचे असेल तर आल्बाइसिनमधील ‘पेन्या ला प्लातेरिया’ या १९४९ साली स्थापन झालेल्या मंडळाचे कार्यक्रम पाहावेत. सभासद नसलेल्यांनाही तिथे काही कार्यक्रमांना प्रवेश असतो.

‘जेवणासह फ्लेमेंको’ घेऊ नये. ताटल्यांच्या आवाजात सोलेआ ऐकणे हा गायकावर अन्याय आहे.

प्रश्न : ग्रानादात पेयासोबत तापास फुकट मिळतात म्हणे. आम्ही शाकाहारी आहोत आणि मद्यही घेत नाही. आमच्यासाठी त्यात काही आहे का?

उत्तर : आहे, फक्त बोलण्याची थोडी तयारी हवी. ग्रानादातील बहुतेक बारमध्ये पेय मागवले की त्यासोबत एक लहान खाद्यपदार्थ येतो आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. तो कोणता हे अनेक ठिकाणी बारवालाच ठरवतो. दुसऱ्या पेयाबरोबर दुसरा पदार्थ, तिसऱ्याबरोबर तिसरा, असा क्रम असतो. पेयांत मद्य असलेच पाहिजे असे नाही : ‘मोस्तो’ म्हणजे न आंबवलेला द्राक्षरस मागावा, किंवा मद्यरहित बिअर.

अडचण येते ती मांसाची. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढेच म्हटले तर वर खामोनचे, म्हणजे वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे भुरभुरलेली बशी येऊ शकते, कारण पुष्कळांच्या लेखी खामोन हे ‘कार्ने’ नव्हे. म्हणून पेय मागवतानाच, बशी येण्याआधी, ‘सोय बेखेतारियानो’ (स्त्रीने ‘बेखेतारियाना’) म्हणावे आणि पुढे ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो’ (पेस्कादो म्हणजे मासे) असे तिन्ही उच्चारावे. अंडे चालत नसेल तर ‘सिन उएवो’ जोडावे, नाहीतर तोर्तिया हा बटाटा-अंड्याचा जाड पोळा हमखास येतो. विकत मागवायचे झाल्यास वांग्याच्या तळलेल्या कापांवर उसाची काकवी घातलेला पदार्थ जरूर घ्यावा. त्याचे नाव ‘बेरेन्खेनास कोन मिएल’. मिएल म्हणजे मध, पण अंदालुसियात इथे बहुधा काकवीच असते, आणि ती कुरकुरीत खारट कापांवरून ओघळत असतानाच काप खाल्ले पाहिजेत. पाच मिनिटांत ते मऊ पडतात.

काये नावास ही गल्ली प्रसिद्ध आहे, पण फार गजबजलेली. रेआलेखो या जुन्या ज्यू वस्तीतील काम्पो देल प्रिन्सिपे या चौकात मला अधिक निवांत वाटले. पोट भरल्यावर काल्देरेरिया नुएवा या चढाच्या गल्लीतील चहाघरांत जावे. तिथे उत्तर आफ्रिकेच्या धर्तीवर पुदिन्याचा गोड चहा काचेच्या छोट्या पेल्यांत देतात, आणि बसायला घाई करत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी युरोपात आहे आणि मैत्रिणीसोबत ग्रानादाला जाणार आहे. तिला डिस्कोला जायचे आहे. रात्री उशिरा फिरणे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर : ग्रानादाचे विद्यापीठ १५३१ सालचे आहे आणि शहर विद्यार्थ्यांनी भरलेले असते, त्यामुळे मध्यरात्रीनंतरही मुख्य रस्त्यांवर भरपूर माणसे दिसतात. पेद्रो आन्तोनियो दे आलार्कोन या रस्त्यावर विद्यार्थ्यांचे बार आहेत. डिस्को रात्री दोनच्या आधी रिकामेच असतात, हे तिला सांगून ठेवावे, म्हणजे अकरा वाजता जाऊन ती निराश होणार नाही. आल्बाइसिनच्या वरच्या गल्ल्यांत आणि साक्रोमोन्तेच्या पलीकडे उशिरा पायी न जाता टॅक्सी घ्यावी. गल्ल्या अरुंद, वळणाच्या आणि गोट्यांच्या फरशीच्या आहेत, म्हणून उंच टाचांचे बूटही नकोत. गर्दीत पिशवी पुढे धरावी. अंदालुसियात रस्त्यावर जमून मद्य पिण्यास बंदी आहे, त्यावर दंड होतो. आणीबाणीत ११२ हा क्रमांक लावावा.

शहर सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. भर उन्हाळ्यातही दिवस तापलेला असला तरी मध्यरात्रीनंतर गार वारा सुटतो. एक पातळ शाल तिच्या पिशवीत असू द्यावी.