रेकॉर्ड घ्या दादा, पण एफडी मोडून नको

दादा, एफडी मोडून जुन्या रेकॉर्ड घेण्याबद्दलची तुमची मेल दोनदा वाचली. 1981 ची चवथ (गणेश चतुर्थी), मावशीने हातावर ठेवलेले पैसे, फोंड्याहून बसने पणजीला जाऊन घेतलेली अभिषेकीबुवांच्या नाट्यगीतांची ती छोटी 45 ची (मिनिटाला 45 फेरे घेणारी) रेकॉर्ड, आणि घरात प्लेयरच नाही म्हणून आठ दिवस शेजारच्या काकांकडे जाऊन ऐकलेली. हे वाचून तुम्हाला नको म्हणवत नाही, खरंच सांगतो.

पण आता हिशेब. मडगावचं एक घर रिकामं होतंय, तिथे 150 एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, आहेत, सगळ्या मिळून दीड लाख मागतायत, वर प्लेयर, अ‍ॅम्प आणि स्पीकर 65 हजार, म्हणजे 2 लाख 15 हजार, आणि हे सगळं तुमच्या 4 लाखांच्या एफडीतून. रिटायर व्हायला दोन वर्षं, घरखर्च महिना 35 हजार. सहा महिन्यांचा खर्च 2 लाख 10 हजार होतो, तेवढे तरी कुठल्याही परिस्थितीत बाजूला हवेत, आणि तुमच्याकडे उरणार 1 लाख 85 हजार. शिवाय मुदतीआधी मोडली की जितके दिवस ठेवली त्या मुदतीचा दर मिळतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. आणि क्रेडिट कार्डवर घेऊन हळूहळू फेडू हा विचार तर मनातून काढूनच टाका, तिथे थकबाकीवर वर्षाला 36 ते 42 टक्के व्याज लागतं.

तुम्ही लिहिलंय की ही गुंतवणूक आहे, त्यात गायिका केसरबाई केरकरांची एलपी आहे आणि त्यांचं 'जात कहाँ हो' 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेलंय. आपल्या गोव्यातल्या केरीच्या बाईंचा आवाज तिथवर गेला याचा मलाही अभिमान आहे, पण म्हणून त्यांच्या प्रत्येक रेकॉर्डला भाव येत नाही. भाव ठरतो कुठली प्रेसिंग, म्हणजे कधीची छापलेली प्रत, आहे आणि कशी ठेवलीय त्यावर. आणि विकायला गेलात की डीलर त्याचा नफा धरूनच दर सांगणार. त्यात आपला पाऊस! माझी पहिली एलपी मी माळ्यावर आडवी ठेवली होती, वर वह्यांचा गठ्ठा, ऑगस्टमध्ये काढली तर कव्हरला पांढरी बुरशी आणि रेकॉर्ड बशीसारखी वाकलेली, सुई ठेवली की वरखाली डुलायची. अजून वाईट वाटतं मला त्याचं.

म्हणून हा खर्च आहे, आवडीचा खर्च, असं आधी मान्य करा आणि मग बिनधास्त करा. महिना 8 हजार वेगळ्या आरडीत (आवर्ती ठेवीत) टाका, आठ महिन्यांत 64 हजार होतात, प्लेयरचा सेट जवळजवळ त्यात बसतो. प्लेयरची सुई साधारण 500 ते 1000 तासांनी बदलावी लागते, तोही खर्च धरून ठेवा.

आणि त्या 150 चं काय, तर सगळा लॉट घेऊ नका. त्या मडगावच्या घरच्यांना विचारा, निवडून देता का. देत असतील तर 10-12 घ्या, हजाराच्या हिशेबाने 10-12 हजार होतील, ते एका पगारातून निघतील. जाताना टॉर्च न्या. रेकॉर्ड तिरकी धरून उजेड पाडा, बारीक रेषा चालतात पण नखाला लागणारा ओरखडा असेल तर सोडा. मधल्या भोकाच्या आजूबाजूला लेबलवर प्लेयरची मधली उभी पिन घासल्याच्या खुणा फार असतील तर खूप वाजलेली आहे. सपाट काचेवर ठेवून वाकलीय का बघा. घरी आणल्यावर उभ्या ठेवा, भिंतीला चिकटून नको, ओल येते.

नाही दिल्या निवडून तर जाऊ द्या. सारेगामा ही रेकॉर्ड कंपनी आता परत नव्या रेकॉर्ड काढते, जुन्याही मिळत राहतात. तुमची ती 45 ची अजून घरात आहे असं लिहिलंय ना, मग प्लेयर आला की पहिली तीच लावा, आणि काकांच्या घरचं कोणी असेल तर त्यांनाही बोलवा.