2025 मधला तुमचा सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगला क्षण कोणता?

वाईट म्हणजे 12 ऑक्टोबरची रात्र आणि चांगला म्हणजे 2 नोव्हेंबरची. दोन्ही रविवार, दोन्ही वेळा मी आणि आई त्याच खोलीत, त्याच पलंगापाशी.

आम्ही दोघी परळ गावात राहतो, भाऊ डोंबिवलीला असतो. आईचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडलीय ते सांगणारा रक्तातला आकडा, दोन वर्षं हळूहळू चढत होतं, मे महिन्यात डॉक्टर म्हणाले आता डायलिसिस टाळता येणार नाही. पहिलं डायलिसिस 26 मेला झालं, सोमवार होता. मुंबईकरांना तो दिवस आठवत असेल, एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येणारा मान्सून त्या दिवशीच आला आणि हिंदमाता चौकात पाणी भरलं. मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, घातलेल्या आईला टॅक्सीत मांडीवर टेकवून मी एल्फिन्स्टनच्या, म्हणजे परळ-प्रभादेवी जोडणाऱ्या, पुलावरून पलीकडे डायलिसिसला नेलं, काचेवर इतका पाऊस की बाहेरचं काही दिसत नव्हतं, आणि आई विचारत होती गच्चीतले पापड कोणी उचलले का.

तेव्हापासून सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी सातला, चार-चार तास. जूनमध्ये डाव्या हाताला फिश्चुला केला, म्हणजे धमनी आणि शीर जोडतात, ती शीर फुगून जाड झाली की मग त्यात सुया घालता येतात, त्याला दोनेक महिने जातात. त्यावर बोटं ठेवली की आत घुरघुर लागते, मांजर कुशीत झोपल्यावर लागते ना तशी. ती घुरघुर आहे म्हणजे रक्त नीट वाहतंय. रोज उठल्यावर ब्रश करायच्या आधी मी आईच्या मनगटाला हात लावून बघते, आता सवयच झालीय. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, नेमका बुधवार, भटजींना विनंती करून पूजा दुपारी ठेवली आणि आईने मशीनवरून येऊन एकच मोदक खाल्ला, तोही अर्धा-अर्धा करून.

पुलाचं सांगायचं राहिलं. 12 सप्टेंबरला, शुक्रवारी, आम्ही सकाळी पुलावरून गेलो आणि आलो आणि त्याच रात्री तो कायमचा बंद झाला, शिवडी-वरळी कनेक्टर या नव्या उन्नत रस्त्यासाठी पाडायला घेतला. शंभर वर्षांहून जुना पूल, मी शाळेत असल्यापासून त्यावरून चालतेय. नवा हवाच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण परळ आणि प्रभादेवीच्या मध्ये ज्याचा पेशंट आहे त्यालाच कळेल त्या पुलाची किंमत, जिथे दहा मिनिटं लागायची तिथे टिळक पुलावरून वळसा घालून पाऊण तास, आणि स्टेशनचे जिने आईला चढवत नाहीत. माझं ऑफिस लोअर परळला आहे, उशिरा येते म्हणून दोन मेल आले, सप्टेंबरअखेर पुण्याच्या ब्रांचला टीम लीडची जागा होती ती मी नाही म्हणून कळवली. त्याचं दुःख झालं, खोटं का बोलू, पण ते त्या वर्षाचं सगळ्यात मोठं दुःख नाही.

डायलिसिसवाल्या माणसाला सगळ्यात कठीण काय जातं माहित्ये? सुया नाही, पथ्य पण नाही, पाणी. आईला दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, आमटी, ताक सगळं आलं. लघवी जवळजवळ होत नाही म्हणून प्यायलेलं सगळं अंगात साठतं, आणि शुक्रवार ते सोमवार ही गॅप सगळ्यात मोठी, त्यामुळे रविवार सगळ्यात धोक्याचा. 12 ऑक्टोबरला मी कंदील आणि फराळाचं सामान आणायला दादरला गेले, तुफान गर्दी, ऑक्टोबरचा उकाडा, परत यायला तीन तास लागले. आले तर माठ अर्धा रिकामा आणि आईचे पाय सुजलेले.

मी ओरडले. म्हणजे नुसतं ओरडले नाही, मी तिला म्हणाले की तुला मरायचंय का, एकदाच काय ते सांग, मी नोकरी करू का तुझं पाणी मोजत बसू. चाळीत भिंती पातळ असतात, शेजारच्या काकूंना सगळं ऐकू गेलं. आई काही बोलली नाही, पदराने माठाचं तोंड पुसत राहिली.

रात्री दोनला ती उठून बसली, आडवं झालं की श्वासच लागेना. डॉक्टर फोनवर म्हणाले लगेच आमच्याकडे आणा. टॅक्सीवाल्याने सवयीने गाडी पुलाकडे घातली, समोर बॅरिकेड, तिथून यू-टर्न मारून दादर. तेवढा वेळ आई माझा हात धरून बसलेली आणि माझ्या डोक्यात एकच, की मी तिच्याशी शेवटचं हे बोलले. वजन साडेचार किलो जास्त निघालं. पहाटे मशीन लावल्यावर तिला जरा बरं वाटलं तेव्हा ती म्हणाली, "मला स्वप्नात पण पाणीच दिसतं गं." मी तिथेच तिच्या पायावर डोकं ठेवून रडले.

तिथल्या सिस्टरने एक युक्ती सांगितली, ती डायलिसिसवाल्या घरांसाठी मुद्दाम लिहितेय. वाट्याचं पाणी मोजून बर्फाच्या ट्रेमध्ये घालायचं. आमच्या ट्रेच्या एका खणात 15 मिली बसतं, औषधाच्या झाकणाने मोजलंय. एक खडा तोंडात पाच मिनिटं टिकतो, घोट एका सेकंदात जातो.

2 नोव्हेंबरला महिला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, आपल्या नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमला. आई लग्नाआधी कबड्डी खेळायची, गिरणगावात तेव्हा गल्लोगल्ली मंडळं होती, तिची दोन मेडल अजून ट्रंकेत आहेत. तीन दिवस आधी सेमीफायनलला आपल्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 मारले तेव्हापासून आई डोळ्यांत तेल घालून वाट बघत होती. पावसाने मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, मी म्हटलं झोप, सकाळी लवकर उठायचंय, ती ऐकेना. दुपारपासून तिने बर्फाचे सहा खडे राखून ठेवले होते. त्यांची कॅप्टन वोल्वार्ट शंभर करून खेळत होती, तिचा कॅच आपल्या अमनजोतच्या हातातून एकदा उडाला, दोनदा उडाला, आणि आई पलंगावर गुडघ्यांवर उभी राहून ओरडली, "सोडू नको गं पोरी, पकड!" पकडला तिने. मध्यरात्री आपली कॅप्टन हरमनप्रीतने शेवटचा कॅच घेतला, 52 रननी जिंकलो, गल्लीत फटाके सुरू झाले, आणि आई हसत होती, मोठ्याने, मे महिन्यानंतर पहिल्यांदा. एक खडा उरला होता, तो तिने मला भरवला.

सकाळी सहाला टॅक्सी केली, दादरवरून गेलो. वजन फक्त दीड किलो वाढलेलं. सुया टोचेपर्यंत ती सिस्टरला त्या कॅचबद्दल सांगत होती, आणि मशीन सुरू झाल्यावर चार तास गाढ झोपली.