तुमचे प्रश्न : पावसाळ्याआधी वाळवून ठेवायचं जेवण

प्रश्न : ताई, आम्ही कुर्ल्याला सातव्या मजल्यावर राहतो. पाऊस कोसळला की वीज जाते, लिफ्ट बंद पडते, खाली दुकानात जाणंही होत नाही. शिवाय मुलगा मित्रांबरोबर राजमाची, हरिश्चंद्रगडला मुक्कामाला जातो. दोन्हींसाठी उकळतं पाणी ओतलं की तयार होईल अशी मुगाची खिचडी वाळवून ठेवायचं ठरवलं. मे महिन्यात तुपाची फोडणी देऊन खिचडी केली, गच्चीवर उन्हात वाळवली, स्टीलच्या डब्यात भरली. जुलैत डबा उघडला तर कुबट वास आणि कडेला पांढुरकी बुरशी. वरची काढून उरलेली पुन्हा उन्हात ठेवून वापरू का? आणि चुकलं कुठे?
(एक वाचक, कुर्ला)

उत्तर : नाही, ती सगळी टाकून द्या. बुरशी दिसते कडेला, पण तिचे धागे आणि तिने सोडलेली विषं डब्यात कुठवर पोहोचली हे डोळ्यांना कळत नाही. यातली काही विषं उन्हाने काय, शिजवूनही जात नाहीत. अन्न टाकताना हात जड होतो, मला ठाऊक आहे, तरी टाका.

आता चुकलं कुठे ते. सगळ्यात आधी तूप. तेल-तूप वाळत नाही. ते दाण्यावर थर धरतं, आतलं पाणी अडवतं आणि काही आठवड्यांत खवट होतं. ओलं-सुकं खोबरं आणि शेंगदाण्याचं कूटही त्याच कारणाने वर्ज्य. हिंग, हळद, जिरेपूड, मीठ कोरडंच मिसळा. तूप छोट्या बाटलीत वेगळं न्या आणि खाताना वरून घाला. चव तर उलट जास्त ताजी लागते.

दुसरं, गच्चीवरचं ऊन. सातारा-सोलापूरकडच्या कोरड्या हवेत वाळवण खुळखुळीत होतं, पण मुंबईच्या हवेत मे महिन्यातही दमटपणा असतो. पापड-कुरडयांत मीठ-खार असतो, त्या तग धरतात. शिजलेल्या भाताचं तसं नाही. तांदळात असे जिवाणू असतात ज्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात आणि त्यांनी केलेलं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून भात शिजल्यावर लगेच पसरून गार करायचा आणि तासाभरात वाळवायला लावायचा. त्यासाठी पंखा आणि हीटर असलेलं वाळवणयंत्र हवं, ५७ ते ६० अंश सेल्सिअसवर. अनेक घरगुती ओव्हनचा सर्वांत खालचा आकडाच १०० असतो. तेवढ्या उष्णतेत वरून कडक साल धरते आणि आत ओल कोंडते. बाहेरून वाळलेलं वाटतं, म्हणून ते जास्त फसवं.

खिचडी एकत्र शिजवून वाळवू नका. भात, डाळ, भाजी यांना वाळायला वेगवेगळा वेळ लागतो आणि एकत्र गोळ्यात पोटातली ओल राहूनच जाते. भात मोकळा शिजवून एका थरात पसरा. सहा-सात तासांत दाणा काचेसारखा कडक होतो. मूगडाळ कुकरमध्ये घट्ट शिजवून, घोटून, बटर पेपरवर अगदी पातळ फासा. वाळली की तिचा पापुद्रा आपोआप सुटतो आणि बोटाने टचकन मोडतो. तो मिक्सरमधून भरड काढा. गाजर किसून, फरसबी बारीक चिरून, दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून मग वाळवा. रंग टिकतो आणि नंतर लवकर फुलते. फ्रीजरमधल्या मटारला ते करावं लागत नाही.

माझ्या मते मुंबईत खरी लढाई वाळवल्यानंतर सुरू होते. ट्रे रात्रभर ओट्यावर उघडा राहिला, तर सकाळी तोच भात दाताखाली चिवट लागतो. म्हणून यंत्रातून काढून पूर्ण गार होताच भरा. गरम भरलं तर आत घाम धरतो. आधी काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून झाकण घट्ट लावा आणि आठवडाभर रोज हलवा. दाणे एकमेकांना चिकटले किंवा काचेला बाष्प दिसलं, तर पुन्हा यंत्रात. बुरशी दिसली तर कचऱ्यात. ही परीक्षा पार केलेलंच पाकिटात जाऊ द्या. स्टीलच्या डब्याचं झाकण हवाबंद नसतं आणि पातळ झिप पिशवीतूनही दमटपणा शिरतो. रबराच्या कड्याची काचेची बाटली किंवा आतून फॉइल असलेली जाड, उष्णतेने बंद केलेली पिशवी घ्या.

एका माणसाला एका वेळी ७५ ग्रॅम वाळका भात, ३० ग्रॅम डाळीची भरड, १५ ग्रॅम भाजी. त्यावर साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर उकळतं पाणी, झाकण, वर टॉवेल गुंडाळून वीस मिनिटं. गडावर टाक्याचं पाणी घेतलं तर ते खळखळून उकळलेलंच हवं, मुलाला हे नक्की सांगा.

आपल्याकडच्या उष्णतेत वाळक्या भाज्यांचा भरवशाचा काळ साधारण तीन महिने. म्हणजे मे अखेरीस केलेली पाकिटं ऑगस्टपर्यंत संपवा. फ्रीजरमध्ये ठेवलीत तर जास्त टिकतील. वीज गेली तरी घट्ट बंद कोरड्या पाकिटाचं काही बिघडत नाही.

प्रश्न : चिकन, अंडी, सुकट अशी वाळवून घेता येतील का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : सुकट, जवळा बाजारातूनच वाळून येतो. कोरडा भाजा, गार करा आणि वेगळ्या बाटलीत ठेवा, नाहीतर सगळ्या पाकिटांना वास लागेल. चिकनचे तुकडे वाळवले की पुन्हा मऊ होत नाहीत. त्यात मन घालू नका. बिनचरबीचा खिमा पूर्ण शिजवून, सुटलेली चरबी काढून, ७० अंशांवर वाळवता येतो, पण तो फ्रीजरमध्येच ठेवा आणि महिन्याभरात संपवा. अंडी घरी मुळीच वाळवू नका. यंत्राच्या सौम्य उष्णतेत त्यातले जंतू मरतील याची खात्री नसते. सोया ग्रॅन्युल्स घ्या, ती मुळात कोरडीच असतात.

प्रश्न : मी सत्तरीची, गिरगावात एकटी राहते. यंत्र घेणं मला शक्य नाही. माझ्यासाठी काय?
(एक वाचक)

उत्तर : काकू, यंत्राची गरजच नाही. पातळ पोहे, मेतकूट, कोरडा भाजलेला रवा, चुरमुरे, दूध पावडर, आमसुलं हे सगळं हवाबंद बाटल्यांत भरा. पातळ पोह्यांना विस्तवही लागत नाही. पाण्याचा हबका, मेतकूट, मीठ, साखर, की पोटभर खाणं.

मात्र पाणी आधी साठवा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अनेक घरांची वीज गेली, आणि वीज गेली की इमारतींचे पंपही थांबतात. पिण्याला आणि शिजवायला मिळून माणशी दिवसाला चार लिटर धरा, तीन दिवसांचं बारा. शेगडी इंडक्शनची असेल तर ती विजेविना निकामी. गॅसची असेल तर काडेपेटी कोरड्या डबीत ठेवा, कारण लायटर दमटपणात दगा देतो. आणि शेजारच्या बिऱ्हाडाला बाटल्या कुठे आहेत ते दाखवून ठेवा.