वाचकांचे प्रश्न : गणनाथ ओबेयेसेकेरे यांच्यावर निबंध लिहायचा आहे

प्रश्न : मी तृतीय वर्ष बीएला समाजशास्त्र घेतले आहे. ‘मानसशास्त्रीय मानवशास्त्रातील एक विचारवंत’ या विषयावर तीन हजार शब्दांचा निबंध तीन आठवड्यांत द्यायचा आहे. मी श्रीलंकेचे गणनाथ ओबेयेसेकेरे निवडले. जन्म, शिक्षण, पुस्तकांची यादी एवढे जमले, पण पुढे काही सुचत नाही. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : यादी बाजूला ठेवा. चरित्राला निबंधात दोनशे शब्द पुरतात: १९३० सालचा जन्म, सिलोन विद्यापीठात इंग्रजी साहित्याची पदवी, १९६४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाची पीएचडी, १९८० पासून प्रिन्स्टनमध्ये अध्यापन, २०२५ मध्ये निधन. यातली साहित्याची पदवी मात्र ध्यानात ठेवा. माणसाची हकिगत बारकाईने ऐकायची आणि तिच्यातली प्रतिमा पकडायची ही त्यांची सवय पुढे पानोपानी दिसते.

निबंध उभा राहतो तो एका वादावर. ओबेयेसेकेरे यांचे ‘मेड्यूसाज हेअर’ हे १९८१ चे पुस्तक ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ एडमंड लीच यांच्या १९५८ सालच्या ‘मॅजिकल हेअर’ या लेखाला दिलेले उत्तर आहे. म्हणून आधी लीच वाचा. लेख अठरा पानांचा आहे, दोन बैठकांत होतो. चार्ल्स बर्ग या मनोविश्लेषकाने केसांचा संबंध अबोध मनातल्या लैंगिकतेशी जोडला होता. लीच म्हणतात, विधीतल्या केसांना लैंगिक अर्थ असतो हे खरे, पण तो समाजाने ठरवलेला आणि सगळ्यांना वाचता येणारा अर्थ आहे. मुंडन म्हणजे ब्रह्मचर्य, मोकळे वाढलेले केस म्हणजे बंधन नसलेली लैंगिकता. मुंडन केलेल्या माणसाच्या मनात त्या वेळी काय चालले आहे, हे त्यावरून कळत नाही आणि मानवशास्त्रज्ञाने त्यात पडूही नये. सार्वजनिक प्रतीक एकीकडे, खासगी भावना दुसरीकडे.

ओबेयेसेकेरे यांना ही भिंत मान्य नाही. श्रीलंकेच्या आग्नेयेला कतरगामा हे तीर्थक्षेत्र आहे. तिथल्या यात्रेत निखाऱ्यांवरून चालणाऱ्या, डोक्यावर जटा वागवणाऱ्या बायकांशी ते बोलले. जटा हे काही त्या बायकांनी शोधलेले चिन्ह नाही, शंकरापासून ते बैराग्यांपर्यंत ते साऱ्यांच्या ओळखीचे आहे. पण जटा कुणी मुंडनासारखी ठरल्या दिवशी, ठरल्या विधीने करून घेत नाही. ती येते, आणि प्रत्येकीची येण्याची वेळ तिच्या आयुष्यातल्या एका मोडतोडीशी बांधलेली असते. संसारात मन रमत नाही, नवऱ्याशी शरीरसंबंध नकोसा होतो. घरातले कुणी वारलेले असते, त्याच्याशी काही देणे-घेणे राहून गेलेले असते, आणि तेच माणूस मेल्यावर छळायला येते. घरचे म्हणतात, हे प्रेताचे झपाटणे आहे, मांत्रिक बोलवा. ती म्हणते, नाही, हा देवाचा संचार आहे. सिंहलीत या दोन अवस्थांना ‘प्रेतदोष’ आणि ‘आरूढ’ असे वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे ‘लागीर’ आणि ‘वारं’ यांत जो फरक ऐकू येतो, साधारण तोच. ही ओढाताण ती जिंकते, देवाशी तिचे नाते जुळते आणि जटा ही त्याची देणगी ठरते.

आता लीचचा मुद्दा पुन्हा पाहा. चिन्ह सार्वजनिकच आहे, पण ते दर वेळी एका बाईच्या दुःखातून नव्याने घडते. अशा चिन्हाला ओबेयेसेकेरे व्यक्तिगत प्रतीक म्हणतात. मराठीत लिहिताना इथेच चूक होते. व्यक्तिगत प्रतीक म्हणजे खासगी प्रतीक नव्हे. खासगी प्रतीक एकट्याला कळते, इतरांना त्याचा पत्ता नसतो. व्यक्तिगत प्रतीक संस्कृतीच्या साठ्यातले असते, म्हणून गावाला वाचता येते, आणि तरीही त्याचे खरे वजन त्या माणसाच्या आयुष्यात असते. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेत, तर निबंधाचा कणाच मोडतो. कारण सार्वजनिक विरुद्ध खासगी ही लीचचीच वाटणी त्यातून नकळत परत येते.

वेळेची वाटणी अशी करा. पहिल्या आठवड्यात लीचचा लेख आणि ‘मेड्यूसाज हेअर’ची प्रस्तावना व पहिला भाग. सगळे पुस्तक संपवायचा हट्ट धरू नका. दुसऱ्या आठवड्यात ‘द वर्क ऑफ कल्चर’ या १९९० च्या पुस्तकातले पहिले व्याख्यान. चारही व्याख्याने जड आहेत, तुम्हाला पहिले पुरेल. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने ‘स्वप्नकार्य’ म्हटले, म्हणजे झोपेत मन आपल्या इच्छांचे रूप पालटते ती प्रक्रिया. त्याच धर्तीवर ओबेयेसेकेरे ‘संस्कृतीचे कार्य’ म्हणतात: माणसांच्या मनातून जाताना सांस्कृतिक प्रतीके घडतात आणि पुन्हा घडतात, ती प्रक्रिया. आजाराच्या लक्षणात माणूस भूतकाळाशी जखडून राहतो, प्रतीकात त्याला पुढे सरकायला वाट मिळते. हा फरक एका जटाधारी बाईच्या हकिगतीवर लावून दाखवलात, तर परीक्षकाला तुमचे वाचन दिसेल.

तिसरा आठवडा फक्त लिहिण्याचा. चरित्राचे दोनशे सोडून लीचला पाचशे शब्द, एका हकिगतीला हजार, संकल्पनेला सातशे, आक्षेपांना सहाशे. हकिगत एकच घ्या. तीन हकिगती तीनतीनशे शब्दांत उरकल्या की तिन्ही सारख्याच दिसू लागतात, आणि ज्या बारकाव्यांवर ओबेयेसेकेरे यांचा सगळा युक्तिवाद तोललेला आहे, तेच गळतात.

आक्षेपांचा भाग इंटरनेटवरून उतरवू नका. वाचताना जिथे अडखळाल तिथे पेन्सिलीने खूण करा. काही मुलाखतींवरून दुसऱ्याच्या अबोध मनातले हेतू कसे ठरवता येतात? फ्रॉइडचा सिद्धान्त व्हिएन्नातून कतरगामाला आणताना त्यात काय बदलावे लागले? त्या बाईला हा अर्थ सांगितला असता तर तिने तो मान्य केला असता का? यातला एकच प्रश्न धरून सहाशे शब्द लिहा.

प्रश्न : आमच्या भागात यल्लम्माच्या नावाने जट ठेवलेल्या बायका आहेत. ओबेयेसेकेरे यांचा सिद्धान्त त्यांना लावून दाखवला तर चालेल का? – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : तुलना जरूर करा, पण ‘लावून दाखवणे’ टाळा. केस सारखेच गुंतलेले असले तरी वाट वेगळी आहे. ओबेयेसेकेरे यांच्या पुस्तकातल्या बायका वयाने मोठ्या, संसार पाहिलेल्या आहेत. घरच्यांच्या विरोधात जाऊन त्या देवाचा कौल स्वतः मिळवतात आणि पुढे भविष्य सांगणाऱ्या, मान मिळवणाऱ्या होतात. आपल्याकडे सीमाभागात मुलीच्या केसांत गुंता झाला की देवीचे बोलावणे आले असे घरचे आणि गावचे ठरवत आले, आणि त्यातून कित्येक मुली देवीला सोडल्या गेल्या. तिथे अर्थ बाई घडवते, इथे तो मुलीवर लादला जातो. तेव्हा तुमचा प्रश्न असा ठेवा: प्रतीक व्यक्तिगत व्हायला, त्याचा अर्थ लावायचा अधिकार त्या व्यक्तीकडे किती असावा लागतो? ओबेयेसेकेरे यांच्या मांडणीला हा फार चांगला धक्का आहे, आणि तो मराठी-कानडी मुलखातूनच देता येतो.

दुसरा खड्डा देवाचा. कतरगामाचा देव म्हणजे स्कंद, आपला कार्तिकेय. आपल्या मनातला कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, बायकांनी एरवी त्याचे दर्शनही न घेण्याची प्रथा. कतरगामाचा देव दोन बायकांचा, आणि त्यांतल्या वल्लीवरच्या त्याच्या प्रेमाभोवतीच तिथला उत्सव फिरतो. जटाधारी बायकांच्या भक्तीत शृंगाराची छटा का येते, हे या दुसऱ्या देवावाचून कळणार नाही. आपला कार्तिकस्वामी डोळ्यांपुढे ठेवून वाचलेत, तर ओबेयेसेकेरे ओढूनताणून फ्रॉइड आणतात असे वाटेल आणि तुम्ही चुकीचा आक्षेप घ्याल.

एखाद्या बाईशी बोलायचे ठरवलेच, तर आधी मार्गदर्शक शिक्षकांची लेखी परवानगी घ्या आणि काय लिहिणार हे तिला तिच्या बोलीत सांगा. नाव, गाव, फोटो नको. जटेला न विचारता हात लावू नका. जट काढण्याचा विषय तुम्ही काढू नका. तिने काढला, तर ते काम समजून-उमजून करणारे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आहेत, त्यांच्याशी गाठ घालून द्या. जट काढल्यावर काही बरेवाईट झाले तर, ही भीती खरी असते. एका निबंधासाठी ती उकरून मोकळे होणे बरोबर नाही.

प्रश्न : मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मला केस आणि देव यांत रस नाही. ओबेयेसेकेरे यांचे माझ्या कामाचे काय आहे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : १९८५ चा नैराश्यावरचा लेख. आर्थर क्लाइनमन आणि बायरन गुड यांनी संपादित केलेल्या ‘कल्चर अँड डिप्रेशन’ या ग्रंथात तो आहे. सगळेच व्यर्थ, सगळीकडे दुःख, कशातच आशा नाही, असे कुणी बोलले की पाश्चात्त्य मानसोपचार त्यात नैराश्य पाहतो. ओबेयेसेकेरे म्हणतात, श्रीलंकेत असे बोलणारा माणूस चांगला बौद्ध असू शकतो. दुःखाच्या त्या जाणिवेला तिथे तत्त्वज्ञानाचे आणि ध्यानाचे घर मिळालेले असते, म्हणून ती मोकाट आजार होऊन फिरत नाही.

मग ते उलटा प्रयोग मांडतात. वजन उतरणे, स्वप्नदोष, लघवीचा रंग बदलणे, कामुक विचार ही लक्षणे एकत्र आली की दक्षिण आशियात ‘धातू जातो’ असे निदान होते. समजा आपल्याकडचा एखादा मानसोपचारतज्ज्ञ हीच यादी घेऊन अमेरिकेत गेला. लक्षणे त्याला तिथेही सापडतील. म्हणून अमेरिकेत धातुरोग आहे असे म्हणायचे का? आपण हसू. पण नैराश्याच्या लक्षणांची यादी घेऊन इकडे येणाऱ्याला मात्र कुणी हसत नाही. धातुरोगाच्या जाहिराती भिंतींवर वाचत वाढलेल्या आपल्या वाचकाला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नाही.

सांभाळायचे ते एवढेच: या लेखातून ‘भारतीयांना नैराश्य होत नाही’ असा निष्कर्ष काढू नका, लेख तसे म्हणत नाही. वेगवेगळी लक्षणे एका नावाखाली कोण बांधतो आणि कुठल्या अर्थाने, एवढाच त्याचा विषय आहे.

प्रश्न : कॅप्टन कुकच्या वादाचा उल्लेख करावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तीन हजार शब्दांत करू नका. १७७९ मध्ये हवाई बेटावर मारल्या गेलेल्या कुक या ब्रिटिश दर्यावर्दीला तिथल्या लोकांनी लोनो हा देव मानले होते, असे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्शल सालिन्स यांचे म्हणणे. ओबेयेसेकेरे यांनी १९९२ मध्ये ते खोडले: गोऱ्या माणसाला देव मानतात ही दंतकथा युरोपनेच रचली. सालिन्स यांनी १९९५ मध्ये पुस्तकभर उत्तर दिले. एका बाजूचेच वाचून निकाल देता येत नाही आणि दोन्ही वाचायला तीन आठवडे पुरत नाहीत. पदव्युत्तर प्रबंधासाठी मात्र विषय उत्तम आहे.

प्रश्न : ग्रंथालयाच्या संगणकावर ओबेयेसेकेरे शोधले तर काहीच येत नाही. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : बहुधा स्पेलिंग चुकते आहे. ओ, बी, ई, वाय, ई, एस, ई, के, ई, आर, ई अशी अकरा अक्षरे, त्यांत पाच वेळा ई. श्रीलंकेत याच धाटणीची आडनावे शेवटी ए लावूनही लिहितात, म्हणून बोट तिकडे वळते. तरीही नाही मिळाले, तर आडनाव सोडून पुस्तकाच्या नावाने शोधा. महाविद्यालयाने इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट ही ऑनलाइन ग्रंथालय सेवा घेतली असेल, तर ग्रंथपालांकडून खाते उघडून घ्या. लीचचा लेख जेस्टोर या शोधलेखांच्या संकेतस्थळावर आहे. तिथे स्वतःचे विनामूल्य खाते काढून तो पडद्यावर वाचता येतो.

टिपा काढताना पान क्रमांक त्याच क्षणी लिहा, आणि शब्दशः उतरवलेले वाक्य अवतरणात, स्वतःच्या शब्दांतले अवतरणाबाहेर, हे वहीतच ठरवून टाका. दोन आठवड्यांनी इंग्रजी वाक्याचा तुम्हीच केलेला अनुवाद तुम्हाला स्वतःचा विचार वाटू लागतो आणि तसाच निबंधात जातो. वाङ्मयचौर्याचे बहुतेक शेरे अशा वहीतूनच येतात.