गरम असताना सुरू न होणारी गाडी : भाग बदलण्यापूर्वी काय तपासावे

आपल्या अडचणीचा सारांश मी असा समजतो : सात वर्षे वापरातली, मॅन्युअल गिअरची पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक, खारघर ते ऐरोली अशी रोजची ये-जा. सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. परतताना सीएनजी भरायला इंजिन बंद केले की कधीकधी पुन्हा सुरू होत नाही, आणि अर्ध्या तासाने काहीही न करता सुरू होते. बॅटरी आणि स्पार्क प्लग बदलून झाले आहेत आणि आता गॅरेजमधून ईसीएम (इंजिनाचे काम चालवणारा संगणक) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे.

माझे स्पष्ट मत असे की ईसीएमला इतक्यात हात लावू देऊ नका. ईसीएम खराब होतच नाही असे नाही, पण गाडी बंद पडलेली असताना आजवर कोणी एकही मोजमाप घेतलेले नाही. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत इंजिन थंड झालेले असते, गाडी निमूटपणे सुरू होते आणि चांगल्या मेकॅनिकलाही अंदाजावर काम करावे लागते. म्हणून बिघाड हजर असतानाची पहिली तपासणी तुम्हालाच करावी लागेल. मात्र पंपाच्या आवारात बॉनेट उघडून हे करू नका. गाडी ढकलून बाहेर, मोकळ्या जागी घ्या. गॅसचा वास येत असेल तर सेल्फ मारूच नका.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट राहून गेली आहे आणि सगळा शोध तिच्यावरच अवलंबून आहे : त्या वेळी सेल्फ फिरतो की नाही? किल्ली फिरवल्यावर नुसते ‘टक्’ होते किंवा काहीच होत नाही, की इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पकडत नाही? हे दोन बिघाड पूर्णपणे वेगळे आहेत.

सेल्फ फिरतच नसेल तर दोन गोष्टी हाताशी ठेवा : एक साधा मल्टिमीटर आणि एक टेस्ट लॅम्प. उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ फिरताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरी नवी आहे म्हणून हा भाग निकालात काढू नका, कारण बॅटरीइतकीच महत्त्वाची तिची अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह खांबापासून इंजिन आणि बॉडीपर्यंतची जोडणी असते. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक आहे. एक-दोन व्होल्ट दिसले तर दोष तिथेच आहे. वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठच्या दमट, खारट हवेत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची अर्थिंगची पट्टी वरून शाबूत दिसते, पण बोल्ट सोडवला की लगच्या (पट्टीच्या टोकावरच्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवट-पांढरी भुकटी निघते. सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर करंट लागतो; तो त्या भुकटीतून जाणार कसा? सँडपेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करून बोल्ट घट्ट आवळणे एवढाच त्यावर उपाय आहे. अर्थिंग ठीक निघाली तर सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या स्विचच्या) बारीक वायरवर टेस्ट लॅम्प लावा. किल्ली फिरवल्यावर लॅम्प पेटतो आणि तरीही सेल्फ गप्प राहतो, असे असेल तर सोलेनॉइडचे संपर्क किंवा कार्बन ब्रश झिजले आहेत, आणि तापल्यावर ते अधिक त्रास देतात. लॅम्प पेटतच नसेल तर रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), इग्निशन स्विच आणि क्लच पेडलचा स्विच असेल तर तोही पाहावा.

पण तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते, म्हणजे सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही. चालत्या गाडीत पाणी खेळते आणि हवा लागते. इंजिन बंद केले की दोन्ही थांबतात आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे बॉनेटखालचे तापमान उलट वाढत जाते. रांगेत सरकत सरकत आलेली गाडी पंपावर बंद केल्यावर नेमके हेच घडते. अशा वेळी पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरत असल्याचा सिग्नल ईसीएमला देणाऱ्या भागावर घ्यावा. त्यातल्या बारीक तारेच्या वेटोळ्यातली सूक्ष्म फट उष्णतेने उघडते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. सिग्नल नसेल तर ईसीएम ना ठिणगी देते, ना पेट्रोल. ओबीडी पोर्टला (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि सेल्फ मारताना मोबाइलवर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) पाहा. २०० ते ३०० च्या दरम्यान आकडा आला तर सेन्सर काम करतो आहे. सेल्फ जोरात फिरत असून आकडा शून्यच राहिला तर सेन्सर, त्याचे कनेक्टर किंवा वायर यांच्यापैकीच काहीतरी आहे. क्रँक सेन्सरच्या सर्किटमधला बिघाड दाखवणारा पी०३३५ हा कोड सापडला तर उत्तमच, पण तो प्रत्येक वेळी नोंदला जातोच असे नाही, त्यामुळे ‘स्कॅनिंगमध्ये काही आले नाही’ या उत्तरावर थांबू नका. हात पोहोचत असेल तर थंड पाण्यात भिजवलेले फडके सेन्सरवर काही मिनिटे ठेवून पुन्हा सेल्फ मारा, सायलेन्सरचा गरम पाइप मात्र सांभाळा. लगेच गाडी सुरू झाली तर पुरावा पक्का समजावा. नवा सेन्सर कंपनीचाच घ्या, आणि त्याआधी कनेक्टरच्या वायरी उंदराने कुरतडलेल्या नाहीत ना हे पाहा. सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये पावसाळ्यात हा प्रकार सर्रास होतो.

आरपीएम व्यवस्थित दिसत असेल तर इंधनाकडे वळा. बहुतेक सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. आपल्याकडे अनेक जण टाकीत नावापुरते पेट्रोल ठेवतात. पण टाकीतला पंप त्या पेट्रोलनेच थंड राहतो, आणि सतत रिझर्व्हवर चालवल्याने तो तापून आखडू लागतो. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. ती नसेल तर पंपाचा रिले तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहा. काही सीएनजी किटमध्ये थेट सीएनजीवर सुरू करण्याची सोय असते. तुमच्याकडे ती असेल तर अडलेल्या वेळी जरूर वापरा : गॅसवर सुरू झाली तर क्रँक सेन्सर आणि ठिणगी दोन्ही निर्दोष ठरतात आणि शोध पेट्रोलच्या बाजूपुरता उरतो.

पुढच्या वेळी किल्ली फिरवताना व्हिडिओ काढा. सेल्फचा आवाज, डॅशबोर्डवरचा इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा आणि टाकीतल्या पेट्रोलची पातळी त्यात येऊ द्या. तो व्हिडिओ, आरपीएमचा आकडा आणि अर्थिंगचे माप कळवा. शिवाय किट कंपनीतून आलेले आहे की बाहेर बसवलेले, हेही लिहा. बाहेर बसवलेल्या किटमध्ये पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून जोड दिलेले असतात आणि काही वेळा मेन रिलेची वायरही मध्येच फोडलेली असते. तुमचे किट तसे असेल तर सेन्सर विकत घेण्याआधी टेपखालचे ते जोड उघडून डाग देऊन (सोल्डर करून) घ्या.