इपॉक्सीचे पोपडे निघालेला कोबा नव्या थरासाठी कसा घासावा

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूरमधील आपल्या डाळमिलच्या पॅकिंग हॉलमध्ये, साधारण 60 फूट बाय 40 फुटांच्या जागेत, जुन्या कोब्यावर लावलेला इपॉक्सी रंग (दोन घटक कालवून लावायचा राळेचा थर) 8 महिन्यांतच पोपडे धरून सुटू लागला. आता ठेकेदार म्हणतो, की सुटलेला रंग खरवडून काढू, जमीन ॲसिडने धुऊ आणि वरून नवे दोन हात मारू. यंत्राने घासण्याचा खर्च खरोखर करावा का, आणि करायचा तर किती घासावे, हे आपण विचारले आहे. वाळूज, चिकलठाणा आणि जालना या भागांतील कारखान्यांत मी 22 वर्षे हेच काम करतो आहे. घासणे आवश्यक आहे, हे माझे स्पष्ट मत आहे. परंतु यंत्र मागवण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासल्या नाहीत, तर घासूनही पैसे वाया जातील.

आपण दिलेल्या छायाचित्रात पोपड्याची वरची बाजू दिसते. खरी माहिती त्याच्या खालच्या बाजूला असते. कडेचा एक मोठा पोपडा सुरीने अलगद उचला, उलटा करा आणि उजेडात धरा. खाली राखाडी भुकटीचा थर चिकटून आला असेल आणि बोट फिरवल्यावर तो हाताला लागत असेल, तर इपॉक्सीने आपले काम केले आहे; तुटली आहे ती कोब्याची वरची कमकुवत साय. खालची बाजू काचेसारखी स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर इपॉक्सीला धरायला जागाच मिळाली नव्हती: कोबा फार घोटलेला होता, किंवा त्यावर तेल होते. आणि पोपडा उचलताच खाली दमट, गडद डाग दिसला, किंवा रंगावर आधी फुगे आले होते आणि ते फोडल्यावर पाणी निघाले, तर दोष ओलीचा आहे. एकाच हॉलमध्ये तिन्ही प्रकार सापडू शकतात, म्हणून किमान पाच-सहा ठिकाणचे पोपडे पाहा आणि कोणता कुठला ते खडूने जमिनीवरच लिहून ठेवा.

ही साय येते कुठून, तेही सांगतो. काँक्रीट ओतल्यावर जड खडी खाली बसते आणि पाणी सिमेंटच्या बारीक कणांना घेऊन वर येते. त्यात आपल्याकडे जुन्या पद्धतीच्या कोब्यावर गवंडी वरून कोरडे सिमेंट भुरभुरतात, पाणी शिंपडतात आणि चकाकी येईपर्यंत थापीने घोटतात. असा कोबा डोळ्यांना सुंदर दिसतो, झाडायला सोपा असतो, आणि उघडा वापरायचा असेल तर त्यात काही चूकही नाही. मात्र वरचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा तो थर खालच्या काँक्रीटपेक्षा वेगळा आणि बहुधा दुबळा असतो. इपॉक्सी वाळताना थोडे आकसते आणि वरून हातगाड्यांची चाके फिरतात. हा सगळा ताण त्या सायीवर येतो आणि ती खालच्या काँक्रीटला सोडून देते. म्हणून घासण्याचा हेतू जमीन गुळगुळीत करणे हा नाही. साय काढून खालचे घट्ट काँक्रीट उघडे करणे आणि त्याला खरबरीतपणा देणे, एवढ्यासाठीच ते काम आहे.

ॲसिडविषयी माझे मत कडक आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिड सिमेंटवर चालते, तेलावर चालत नाही आणि जुन्या इपॉक्सीवर तर मुळीच नाही. म्हणजे आपल्या हॉलमध्ये जिथे रंग अजून शिल्लक आहे तिथे ते काहीच करणार नाही, आणि जिथे उघडा कोबा आहे तिथे कुठे जास्त, कुठे कमी खाईल. शिवाय ते धुऊन काढायला भरपूर पाणी लागते. ते पाणी कोबा पितो, क्षार आत राहतात, आणि व्यवस्थित वाळायला वेळ न देता वरून रंग मारला, की पुन्हा तेच. लहान घरगुती जागेत, तेल नसलेल्या आणि कधीही रंग न लावलेल्या कोब्यावर ते चालून जाते. आपल्या जागेवर मी ते करणार नाही.

आता ओल. मराठवाड्यातील बहुतेक जुन्या शेडखाली काळी माती आहे, जी पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि महिनोन्‌महिने सोडत राहते. कोब्याखाली प्लॅस्टिकचा कागद घालण्याची पद्धत त्या काळी फारशी नव्हती. तपासणी सोपी आहे. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा उघड्या कोब्यावर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा आणि किमान 16 तास तसाच राहू द्या. उचलल्यावर आतून दव दिसले किंवा खालचा कोबा गडद झालेला दिसला, तर ओल आहे. भिंतीलगत, मधोमध आणि मोरीच्या बाजूला अशा तीन-चार ठिकाणी तरी ही तपासणी करा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: ही तपासणी त्या दिवसाची स्थिती सांगते. मे महिन्यात कोरडा निघालेला कोबा ऑगस्टमध्ये तसाच राहील, अशी खात्री ती देत नाही. म्हणून पन्हाळीचे पाणी जोत्यालगत मुरते का, बाहेरची जमीन हॉलपेक्षा उंच झाली आहे का, हेही पाहा. घासल्याने ओल जात नाही. ओल निघाली तर आधी पाण्याचा मार्ग बदलावा लागेल आणि ओल रोखणारा खास प्रायमर वापरावा लागेल.

तेलाचा प्रश्न डाळमिलमध्ये हमखास असतो, कारण तुरीचे साल सुटावे म्हणून तिला तेल-पाणी दिले जाते आणि त्या यंत्राच्या आसपासचा कोबा वर्षानुवर्षे तेल पीत राहतो. पॅकिंगचा हॉल त्यापासून दूर असला तरी गाड्यांच्या चाकांबरोबर तेल येतेच. घासण्याच्या आधी, नंतर नव्हे, त्या भागावर गरम पाणी आणि चांगला डीग्रीझर (तेल सोडवणारे द्रावण) टाकून ताठ ब्रशने घासा, मळी ओढून घ्या, आणि हे दोन-तीनदा करा. तेल असतानाच यंत्र फिरवले तर उष्णतेने ते पसरते आणि छिद्रांत आणखी बसते. नंतर पाण्याचे थेंब टाकून पाहा: थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे, पसरून मुरला तर जमीन पुढच्या कामाला तयार आहे. कितीही धुतले तरी थेंब मुरत नसेल, तर तेवढा तुकडा छिन्नीने काढून नवीन भरणे हाच उपाय उरतो. हातोडीने ठोकून जिथे बद्द आवाज येतो, तिथेही तेच करावे लागेल.

यंत्राबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक चुका इथे होतात. आपल्याकडे उरलेला जुना रंग आहे, म्हणून पहिल्या फेरीला पीसीडीची, म्हणजे कृत्रिम हिऱ्याच्या तुकड्यांची, पाती लावायला सांगा. साधे डायमंड सेगमेंट (धातूत हिरेकण बसवलेले घासायचे ठोकळे) रंगावर चालवले तर रंग तापून मऊ होतो आणि सेगमेंटला चिकटून बसतो. पीसीडी रंग खरवडून काढते, पण ओरखडे सोडते. म्हणून दुसरी फेरी 30 नंबरच्या धातूबंधाच्या सेगमेंटची (नंबर जितका लहान, तितके कण जाड). बंध, म्हणजे हिरेकण धरून ठेवणारा धातू, निवडताना नवख्या माणसाला उलटे वाटेल असा एक नियम आहे: कठीण काँक्रीटला मऊ बंध आणि मऊ, भुसभुशीत काँक्रीटला कठीण बंध. मऊ बंध झिजत राहतो म्हणून नवे हिरेकण वर येतात. कठीण काँक्रीटवर कठीण बंध चालवला तर हिरे बोथट होतात, बंध झिजत नाही, आणि यंत्र नुसते सरकत राहते. चांगल्या ट्रिमिक्सच्या (ओतल्यावर व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घट्ट केलेल्या काँक्रीटच्या) जमिनीवर हे हमखास घडते. ते ऐकू येते आणि दिसतेही: यंत्राचा घरघराट बदलून चिरका सूर लागतो, व्हॅक्यूमच्या पिशवीत भुकटी जमणे थांबते, आणि जमिनीवर मंद चकाकी येऊ लागते. असे झाले की थांबा, सेगमेंट बदला, किंवा जमिनीवर थोडी कोरडी वाळू टाकून त्यावर यंत्र फिरवा म्हणजे हिरे पुन्हा उघडे पडतात.

जमीन गरजेपेक्षा तलम करणे ही दुसरी चूक, आणि व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत ती मी स्वतः केली होती. जालन्याच्या एका कारखान्यात 120 नंबरपर्यंत घासून जमीन इतकी तलम केली की मालकाने हात फिरवून कौतुक केले. प्रायमरला धरायला काहीच उरले नव्हते. पाच महिन्यांनी तो थर पापडासारखा निघाला आणि ते संपूर्ण काम मला स्वखर्चाने पुन्हा करून द्यावे लागले.

मग किती घासायचे? सायीचा सलग, एकसारखा करडा रंग जाऊन वाळूचे कण स्पष्ट दिसू लागले, आणि तळहात फिरवल्यावर 80 नंबरच्या पॉलिशपेपरसारखा स्पर्श झाला, की थांबा. आंतरराष्ट्रीय काँक्रीट दुरुस्ती संस्थेने खरबरीतपणाचे 1 (सर्वांत कमी) ते 10 असे नमुने ठरवले आहेत आणि त्यांचे रबरी तुकडे तुलना करण्यासाठी मिळतात. आपल्याला लावायच्या पातळ इपॉक्सीला 2 नंबरच्या आसपासचा पृष्ठभाग पुरतो आणि तो ग्राइंडरने मिळतो. पुढे कधी 6 मिलिमीटरचा पॉलियुरेथेन काँक्रीटचा थर घालायचे ठरले, तर ग्राइंडर अपुरा पडतो. तिथे शॉटब्लास्टिंग, म्हणजे यंत्राने पोलादी छर्रे मारून जमीन खरबरीत करणे, लागते. सुरुवातीलाच जमिनीवर खडूच्या रेघांची जाळी आखून घ्या. घासल्याशिवाय राहिलेली जागा रेघेवरून लगेच कळते. दुसरी फेरी पहिलीला काटकोनात घ्या.

कडा विसरू नका. मोठे यंत्र भिंतीपासून काही इंच लांबच थांबते, आणि उरलेली पट्टी हाताच्या ग्राइंडरला कप व्हील (वाटीसारखी हिरेकणांची चकती) लावून, धुळीचे हूड बसवून घासावी लागते. हे काम कंटाळवाणे आणि कमरेला त्रासाचे असल्याने कामगार ते उरकतात. मी पाहिलेल्या सुटलेल्या जमिनींपैकी बऱ्याच भिंतीलगत आणि खांबांभोवतीच सुटायला सुरुवात झालेल्या होत्या. ठेकेदाराशी बोलताना कडांचे काम वेगळे लिहून घ्या आणि त्यासाठी वेगळा दिवस धरा.

धुळीविषयी मी हात जोडून सांगतो. काँक्रीटच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात, आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली या धुळीला कर्करोगकारक ठरवले. आपल्याकडे कामगार तोंडाला दस्ती बांधतात आणि काम सुरू करतात. दस्तीतून हे कण आरपार जातात. यंत्राला हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम जोडलेला असलाच पाहिजे, आणि प्रत्येकाला चेहऱ्यावर घट्ट बसणारा, बदलत्या फिल्टरचा अर्धमुखवटा मिळाला पाहिजे. निदान एन-95 तरी द्या. कोरडा झाडू त्या दिवसांत हॉलबाहेर ठेवा. ठेकेदार व्हॅक्यूमचा खर्च वाचवतो म्हणाला, तर तो ठेकेदार बदला. ही माणसे आपल्याच तालुक्यातली असतात आणि वीस वर्षांनी त्यांचा खोकला आपल्यालाच ऐकू येतो. डाळीची पोती, पॅकिंगचे साहित्य आणि वजनकाटे आधीच दुसरीकडे हलवा, म्हणजे धूळ मालातही जाणार नाही.

विजेची सोय अगोदर पाहून घ्या. मोठी यंत्रे थ्री-फेज मागतात आणि लांबलचक, बारीक केबलवर दाब कमी मिळाला की मोटार तापून बंद पडते.

घासून झाल्यावर भेगा आणि टवके नीट दिसू लागतात, म्हणून ते भरायचे काम तेव्हाच करावे. बारीक भेग थोडी उघडून घ्या, व्हॅक्यूमने साफ करा आणि इपॉक्सी पुट्टीने भरा. कापून ठेवलेले सांधे मात्र कठीण पुट्टीने बुजवू नका, कारण जमीन तिथे हलणारच. त्यात लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घालावा. नंतर दोन वेळा व्हॅक्यूम करा आणि पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा जमिनीवर दाबून उचला. पट्टी पांढुरकी होऊन निघाली तर अजून भुकटी आहे. पाण्याने धुण्याचा मोह टाळा.

प्रायमर शक्यतो त्याच दिवशी लावा, उघडे काँक्रीट पुन्हा मळायच्या आत. आपल्याकडील उन्हाळ्यात वेळेलाही महत्त्व आहे. पत्र्याखालचा कोबा सकाळपासून तापत जातो तेव्हा त्याच्या छिद्रांतील हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ओल्या प्रायमरमध्ये बारीक छिद्रे पाडते. संध्याकाळी जमीन निवू लागली की तीच छिद्रे प्रायमर आत ओढून घेतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मी प्रायमर सूर्यास्तानंतरच घेतो, आणि उष्णतेने मिश्रण डब्यातच घट्ट होऊ लागते म्हणून एकदम मोठा डबा कालवत नाही. पावसाळ्यात अडचण उलटी असते: जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होते त्यापेक्षा) किमान 3 अंश सेल्सिअस अधिक नसेल, तर न दिसणारा ओलावा बसलेला असतो आणि त्यावर लावलेला थर धरत नाही.

सगळा हॉल हाती घेण्याआधी जिथे रंग सर्वांत जास्त सुटला आहे, तिथे एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन घासून, प्रायमर आणि पूर्ण थर लावून घ्या. सात दिवसांनी त्यावर ठेकेदाराकडून ओढून पाहण्याची चाचणी करून घ्या. धातूची छोटी चकती चिकटवून ती यंत्राने ओढतात, आणि प्रति चौरस मिलिमीटर किमान 1.5 न्यूटन ताण सहन व्हावा अशी अपेक्षा असते. तुटताना काँक्रीटचा तुकडा चकतीबरोबर आला, तर चिकटण्याचे काम चोख झाले आहे. चकतीखाली स्वच्छ इपॉक्सी आले, तर घासणे किंवा सफाई कमी पडली आहे. पोपड्यांच्या खालच्या बाजूची आणि प्लॅस्टिक उचलल्यानंतरच्या जमिनीची छायाचित्रे आपण टाकलीत, तर प्रायमर कोणत्या प्रकारचा घ्यावा हे मला अधिक नेमकेपणाने सांगता येईल.