दिवाळीनंतर बसू म्हणाले आणि तुम्ही थांबलात

डोंबिवलीच्या एका ताईंचे पत्र थोडक्यात असे. आई ८१ वर्षांच्या, अर्धांगाचा झटका आणि मधुमेह. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना पुण्याबाहेरच्या एका खासगी केअर सेंटरमध्ये ठेवले. महिना २८,००० रुपये, शिवाय एक लाख डिपॉझिट. १७ जानेवारी २०२४ ला पुण्यातली बहीण अचानक भेटायला गेली. खोलीत पावडरचा आणि त्याखाली दुसराच वास. तिने डायपर बाजूला केला तर माकडहाडावर वाटीएवढी जखम, आत हाड दिसते आहे. तिथल्या सेविका मावशी म्हणाल्या, "कालपर्यंत नुसतं लाल होतं हो." त्याच संध्याकाळी रुग्णालयात हलवले. २ एप्रिलला आई गेल्या. तेव्हापासून संचालकांशी व्हॉट्सॲपवर बोलणे सुरू आहे. त्यांनी दोनदा माफी मागितली आणि ऑक्टोबरात लिहिले, "दिवाळीनंतर मॅनेजमेंटची मीटिंग आहे, बसून मिटवू." ताई विचारतात: नुकसानभरपाई मिळेल का? शेजारचे म्हणतात तीन वर्षांची मुदत असते, मग घाई कशाला?

ताई, अशी पत्रे मला दर महिन्याला येतात. गावे बदलतात, जखमेची जागा बदलते, संचालकांचा गोड स्वभाव मात्र बदलत नाही. आई-वडिलांना पैसे देऊन सांभाळायला ठेवले म्हणजे ती सेवा झाली आणि तुम्ही ग्राहक झालात. यावर शाई घालवत नाही. तुमचे प्रकरण एकाच गोष्टीवर तरेल किंवा बुडेल, आणि ती म्हणजे तारीख.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल झाली पाहिजे. तीन नाही, दोन. शेजाऱ्यांचा तीनचा आकडा दिवाणी कोर्टातल्या उसनवारीच्या दाव्यांचा आहे, तो त्यांच्याकडेच राहू द्या. दोन वर्षे कुठून मोजायची? तुम्ही आई गेल्या त्या दिवसापासून मोजता आहात, असे पत्रावरून दिसते. मी जखम दिसली त्या दिवसापासून मोजते. मृत्यूपुरता २ एप्रिलचा मुद्दा एखादा वकील मांडू शकेल, पण समोरचा वकील पहिल्याच तारखेला १७ जानेवारीवर बोट ठेवेल आणि मग वर्षभर फक्त मुदतीवरच वाद चालेल. तो वाद ओढवून घेण्याचे काही कारण नाही. हा मजकूर मी नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात लिहिते आहे. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दहा आठवडे आहेत. त्यातही १७ जानेवारी २०२६ ला शनिवार येतो. संक्रांतीची वाट पाहू नका, डिसेंबर उलटायच्या आत तक्रार दाखल झालेली हवी.

आता व्हॉट्सॲपवरची ती माफी. तुम्हाला वाटते, ते बोलताहेत म्हणजे प्रकरण जिवंत आहे. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, हे किती वेळा सांगायचे? कलम ६९ मध्येच उशीर माफ करण्याची सोय आहे, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते आणि आयोगाला ते नोंदवावे लागते. "ते बसू म्हणाले म्हणून थांबलो" हे कारण मी स्वतः एकदा मांडले आहे आणि तोंडघशी पडले आहे. संचालकांना हे ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या वकिलांना नक्की ठाऊक असणार. दिवाळी झाली, आता तुळशीचे लग्न, मग नाताळ. मीटिंगला मुहूर्त १८ जानेवारीनंतरचा निघाला तर नवल वाटून घेऊ नका.

तुम्ही विचारले आहे की आधी वकिलाची नोटीस पाठवावी का. पाठवा, पण ती बंधनकारक नाही आणि तिच्या उत्तरासाठी एक दिवसही थांबू नका.

दुसरी घोडचूक आईला सेंटरमध्ये दाखल करतानाची. चार पानी फॉर्म, बहिणीने सही केली, कोणी वाचला नाही, कोणी कॉपी घेतली नाही. पंधरा हजारांचा फ्रिज घेताना आपण वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घेतो आणि आईला सोपवताना कागदाचा फोटोही काढत नाही! त्यात एक ओळ असल्याचे बहिणीला आठवते: "दाखल व्यक्तीच्या प्रकृतीतील कोणत्याही बिघाडास संस्था जबाबदार राहणार नाही." या ओळीला तुम्ही घाबरला आहात, मी तितकीशी घाबरलेली नाही. वय झालेल्या माणसाची प्रकृती आपोआप ढासळणे वेगळे आणि कूस न बदलल्याने मांस सडणे वेगळे. पण आयोग ही ओळ कशी वाचेल याची हमी मी देत नाही. डिपॉझिट परत न देण्याची अटही असेल. ती अट अनुचित करार म्हणून रद्द करून मागायची, तर तो मामला राज्य आयोगाकडे जातो आणि प्रकरणाला फाटे फुटतात. माझे मत, सगळे "सेवेतील त्रुटी" या एकाच खुंटीला टांगा आणि डिपॉझिट भरपाईच्या रकमेत मागा.

तक्रार कुठे दाखल करायची? तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याला. २०१९ च्या कायद्याने ही सोय दिली आहे. फॉर्मवर "फक्त पुणे न्यायक्षेत्र" छापलेले असले तरी ते आड येऊ नये. जिल्हा आयोगाची हद्द तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, सेवेसाठी किती मोजले यावर ठरते, आणि ती मर्यादा ५० लाख आहे. तुमचे चौदा महिन्यांचे ३,९२,००० आणि डिपॉझिट धरून ४,९२,००० होतात. पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्याही दाखल करता येते. फक्त शेवटच्या रात्री अपलोड करायला बसू नका, त्या चाकाकडे बघत बसलेले अशील मी पाहिले आहेत.

भावाची सही अमेरिकेतून यायची म्हणून अडला असाल तर अडू नका. पैसे तुमच्या खात्यातून गेले आहेत, तुम्ही स्वतः ग्राहक आहात, शिवाय आईच्या वारसही. भावाचे मुखत्यारपत्र मागाहून जोडता येईल.

पुरावा. सगळ्यात मोलाचा कागद केअर सेंटरकडे नाही, रुग्णालयात आहे: १७ जानेवारीच्या संध्याकाळचा दाखल करतानाचा तपासणी कागद. त्यावर जखम कुठे, किती सेंटिमीटर, कोणत्या ग्रेडची हे लिहिलेले असते. "दाखल होतानाच ग्रेड चार", म्हणजे स्नायू-हाडापर्यंत गेलेली जखम, अशी नोंद असेल तर जखम रुग्णालयात झाली हा बचाव तिथेच संपला. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा अधिकृत व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, पण ते जपून ठेवण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांची. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

केअर सेंटरकडून पोझिशन चार्ट मागा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची आणि वेळ टाकून सही करायची, ही नर्सिंगची अगदी प्राथमिक गोष्ट. चार्ट बहुधा मिळणार नाही. किंवा मिळेल तो एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एका बैठकीत भरलेला. दोन्ही तुमच्याच उपयोगाचे. एअर बेडचे वेगळे पैसे लावले असतील तर ते बिलही जोडा. हाडापर्यंतची जखम एका रात्रीत होत नाही, त्यामुळे मावशींचे ते "कालपर्यंत लाल होतं" बहिणीच्या शपथपत्रात जसेच्या तसे आले पाहिजे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात म्हटले आहे. तरी एखाद्या सर्जनचे पानभर मत मिळाले तर सोडू नका.

एका बाबतीत मात्र आशा आवरा. जखमेमुळेच आई गेल्या, हे सिद्ध करणे अवघड आहे. वय, मधुमेह, झटका, त्यात शवविच्छेदन झालेले नाही. सगळा दावा मृत्यूवर उभा केलात आणि तो दुवा तुटला, तर जखमेचे धडधडीत प्रकरणही लंगडे पडेल. आधी अडीच महिन्यांच्या वेदना, ड्रेसिंग, रुग्णालयाचे बिल. मृत्यू त्यानंतर, वेगळ्या परिच्छेदात.

पोलिसांत जावे का, या प्रश्नावर मी हो किंवा नाही म्हणणार नाही, कागद पाहिल्याशिवाय तर नाहीच. सेंटरच्या नोंदणीचे बघण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातल्या व्याख्येत आजाराबरोबर दुर्बलता, उपचार आणि शुश्रूषा हे शब्द आहेत. दारावर "नर्सिंग केअर"ची पाटी, आत इन्सुलिन आणि कॅथेटर, आणि विचारल्यावर "आम्ही फक्त वृद्धाश्रम" असे चालावे का, हा वादाचा मुद्दा आहे. स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाकून ठेवा. उत्तर आले तर जोडू.

निकाल कधी? कायदा म्हणतो तीन महिने. वाचून मलाही हसू येते. कुठे अध्यक्ष नाही, कुठे सदस्य नाही, आणि तारखा लांबत जातात. दोन-तीन वर्षे धरून चला. एक गोष्ट तेवढी तुमच्या बाजूची: समोरच्याला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही, हे मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्के केले आहे. मुदतीचा बडगा त्यांच्याही डोक्यावर आहे. तो वापरायचा तर आधी तुम्ही वेळेत आत शिरले पाहिजे.

आणि हो, तुम्ही ओझरते लिहिले आहे की बहिणीने ज्या मोबाइलवर जखमेचे फोटो काढले तो जुना झाला म्हणून मेहुणे एक्स्चेंजमध्ये देणार आहेत. आज रात्रीच फोन करून त्यांना थांबवा. तुमच्याकडे व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंत काढल्याची तारीख-वेळ सहसा राहत नाही, मूळ फोटोत असते. डिजिटल पुराव्यासाठी लागणारे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र बहिणीला त्या मोबाइलवरूनच द्यायचे आहे.